भाड्याच्या रिगचं रजिस्टर: कामाच्या नोंदी

५ जानेवारी

हवा बंद आहे, ढग खाली बसलेत, विमान तपासणीसाठी उघडून ठेवलंय, म्हणजे पुढचे काही आठवडे डीझेडवर, म्हणजे आमच्या पॅराशूट जंपच्या मैदानावर, कोणी उडणार नाही. तेवढ्यात भाड्याच्या रिगचं (पाठीवरच्या पॅराशूटच्या संचाचं) काम अंगावर घेतलंय. ज्याची स्वतःची रिग असते त्याचं बरं असतं, उडणारा तोच, पॅक करणारा बहुतेक वेळा तोच, काय कुरकुरतंय ते त्यालाच माहीत असतं. भाड्याची रिग सकाळी एक जण उडवतो, दुपारी दुसरा, मधे पॅक करणारा तिसराच. कागदावर मालक डीझेड, पण लक्ष ठेवणारा कोणी नाही.

"सहा नंबर डावीकडे ओढते" हे वाक्य मागच्या सीझनला किती जणांच्या तोंडून ऐकलं त्याला गणती नाही. प्रत्येकाने ते समोर जो उभा होता त्याला सांगितलं आणि पुढच्या लोडला (विमानाच्या फेरीला) पळाला. कधी पॅकरला (पॅराशूट घडी घालून भरणाऱ्याला), कधी मॅनिफेस्टवरच्या, म्हणजे विमानातल्या जागांची यादी करणाऱ्या, मुलीला, एकदा तर विमानात तेल भरणाऱ्या माणसाला. लिहिलं कोणीच नाही. सीझन संपला, सहा नंबर रॅकवर गेली, तक्रार हवेत विरली.

तर काम असं: प्रत्येक रिगची एक जागा असावी जिथे तिच्याबद्दलचं सगळं लिहिलेलं असेल, आणि जी रिग उडवायची नाही ती कोणी चुकून उडवणार नाही अशी सोय. ऐकायला सोपं आहे.

७ जानेवारी

कॉम्प्युटरवर मोठा तक्ता केला. मेनचा (मुख्य पॅराशूटचा) नंबर, साइझ, लाइनचा (दोऱ्यांचा) प्रकार, रिझर्व्ह (राखीव पॅराशूट) कधी पॅक झालं, एएडीची (रिझर्व्ह आपोआप उघडणाऱ्या यंत्राची) तारीख, क्लोजिंग लूप कधी बदलला, पायलट चूट (मेनला बाहेर ओढणारं छोटं पॅराशूट), रायझर (खांद्यापासून लाइनपर्यंतचे पट्टे), जंपची संख्या, असं करत करत स्क्रीनच्या बाहेर गेला. मला फार आवडला. रिगर, म्हणजे पॅराशूटची देखभाल-दुरुस्ती करणाऱ्या, काकांना दाखवला, त्यांनी चष्मा वर केला आणि एकच विचारलं, "हे कोण भरणार?"

म्हणलं, पॅकर भरतील.

"लोड लागलाय, वीस मिनिटांत विमान वर जाणारे, समोर तीन रिग न पॅक केलेल्या पडल्यात, आणि तो कॉम्प्युटरवर जाऊन रकाने भरणार?"

बरोबर आहे त्यांचं. म्हणजे दोन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात. एक सावकाश बदलणारी माहिती, म्हणजे साइझ, नंबर, तारखा, ती तक्त्यात राहू दे, मी आणि काका महिन्यातून एकदा बघू. दुसरी रोजची, म्हणजे आज किती वेळा उडाली, पॅक कोणी केली, काही खटकलं का. ती हाताने, पेनाने, रिग जिथे दिली-घेतली जाते तिथेच लिहिली पाहिजे. जाड पुठ्ठ्याचं कार्ड, एका रिगला एक.

"पॅक कोणी केली" हा रकाना काकांनी आग्रहाने घालायला लावला. अमेरिकेच्या नियमातसुद्धा हा मुद्दा आहे की मेन पॅक करणारा एकतर परवानाधारक रिगर असावा, नाहीतर पुढचा जंप त्याच पॅराशूटवर करणारा माणूस, नाहीतर रिगरच्या थेट देखरेखीखाली काम करणारा. आमच्याकडे तिसरा प्रकार जास्त, म्हणजे पोरं पॅक करतात आणि काका फिरत असतात, तर निदान नाव तरी असू दे.

११ जानेवारी

सगळ्या रिग रॅकवरून उतरवल्या आणि पॅकिंग मॅटवर ओळीने मांडल्या. आधी नुसतं खिसे रिकामे करणं चाललं होतं. लेग स्ट्रॅपच्या घडीत गवताचं बी, पायलट चूटच्या पाउचमध्ये वाळू, बॅगेत (मेन घडी घालून ठेवतात ती) तुटलेले रबर बँड. बँड सापडले ते मात्र मनावर घेतलं, कारण तुटलेला बँड बॅगेत राहिला म्हणजे त्या जागी नवा लावताना कोणी बघितलंच नव्हतं.

पुल-अप कॉर्ड, म्हणजे रिग बंद करताना लूप वर ओढायची दोरी, एकही सापडली नाही. सीझनच्या सुरुवातीला डबाभर आणतो, शेवटी डबा रिकामा, जातात कुठे कोणालाच माहीत नाही. दोरीच ती, पण रिग बंद करून झाल्यावर लूपमध्येच अडकून राहिली तर रिग बंद ठेवणाऱ्या पिनला आडवी येऊ शकते, म्हणून काका म्हणतात कॉर्ड कायम भडक रंगाचीच आणा, राहिली तर पिन चेक करणाऱ्याच्या डोळ्यात घुसली पाहिजे. यावेळी केशरी मागवल्यात.

१४ जानेवारी

आजचा पूर्ण दिवस क्लोजिंग लूपवर गेला आणि तो वाया गेला असं अजिबात वाटत नाहीये.

ज्यांनी कधी जवळून बघितला नसेल त्यांच्यासाठी: मेनचा क्लोजिंग लूप म्हणजे बोटभर लांबीची दोरी, खाली गाठ आणि वॉशर, वर छोटा डोळा. कंटेनरच्या (पाठीवरच्या पिशवीच्या) फ्लॅपमधल्या ग्रोमेटमधून (धातूच्या कड्यातून) तो वर ओढायचा आणि डोळ्यात वाकडी पिन सरकवायची. एवढंच. अख्खा मेन पाठीवर बंद ठेवणारी वस्तू ती इतकीच, आणि सगळ्या रिगमधली सगळ्यात स्वस्त वस्तूही तीच असावी.

तो झिजतो दोन ठिकाणी. पिन जिथे घासते तिथे आणि ग्रोमेटच्या कडेला जिथे वळतो तिथे. नुसत्या डोळ्यांनी ठीक दिसतो, भिंगाखाली धरला की धागे बाहेर आलेले दिसतात. चार नंबरचा तर वातीसारखा पिंजारला होता. काकांचा हिशोब सरळ आहे, तुटलेले धागे मोजत बसायचं नाही, शंका आली की बदलायचा, दोरी आणि दहा मिनिटं यापलीकडे काही जात नाही.

पण झीज ही सोपी गोष्ट आहे, दिसते तरी. न दिसणारी गोष्ट म्हणजे लांबी. आठ नंबर बंद केली तर पिन एका बोटाने सरकत होती, अगदी ढिली, आणि लूप मात्र नवा कोरा. डोकं खाजवलं. जुनी पावती शोधली तेव्हा कळलं की मधे त्या कंटेनरमध्ये आधीपेक्षा लहान कॅनपी (पॅराशूटचं कापड) घातली गेली होती. कॅनपी लहान झाली, आतला फुगवटा कमी झाला, लूप तेवढाच राहिला. पॅक करणाऱ्याने मुळात जो होता तोच वापरला, त्याला तरी कसं कळणार.

ढिला लूप म्हणजे पिन आपोआप निसटू शकते. फ्रीफॉलमध्ये (पॅराशूट उघडायच्या आधी पडताना) वाईटच, पण विमानाच्या दारात त्याहून वाईट, कारण बॅग वाऱ्यात गेली की जंपर तिच्यामागे खेचला जातो आणि शेपटीवर काही अडकलं तर मग प्रश्न एकट्याचा राहत नाही, पायलटसकट सगळ्यांचा होतो. शिवाय डोकं खाली करून उडणारी मंडळी ताशी अडीचशे किमीच्या आसपास जातात, पोटावर पडणारे साधारण एकशे नव्वद-दोनशे. त्या जास्तीच्या वेगात मेन अचानक उघडला तर कॅनपी फाटते किंवा माणूस मोडतो, किंवा दोन्ही. म्हणून लूप बारीक गोष्ट नाही.

तक्त्यात एक ओळ वाढवली: "कॅनपी बदलली की लूप नवा, लांबी बंद करून बघून." आणि कार्डाच्या मागे छापतोय: दारात बसताना, रांगेत सरकताना पाठ कशालाही घासू देऊ नका. हे सगळ्यांना माहीत असतं, तरी विमानात बाकावरून सरकताना लोक कंटेनर भिंतीला घासतच जातात.

१५ जानेवारी

रबर बँड, म्हणजे लाइनच्या गुंडाळ्या बॅगेला धरून ठेवणारे. जास्त लिहीत नाही. जुने सगळे काढले, चिकट झाले होते, नवे लावले. एकेरी का दुहेरी गुंडाळायचं यावर पॅकरमध्ये अर्धा तास वाद झाला. काकांनी मिटवला: कॅनपी बनवणाऱ्याने सांगितलंय तसं, आणि पहिले लॉकिंग स्टो (बॅगेचं तोंड बंद ठेवणारे बँड) मात्र घट्ट हवेतच. फार ढिले असले तर लाइन एकदम सुटतात आणि उघडताना झटका बसतो, फार घट्ट असले तर बॅग उघडतच नाही. बँड तुटायला हवा तेव्हा तुटला पाहिजे, म्हणून मजबूत काहीतरी लावून टाकू असली हुशारी नको.

२० जानेवारी

आज सहा नंबर. डावीकडे ओढणारी.

हँगरच्या खांबाला हुक लावला, दोन्ही रायझर त्यात अडकवले, लाइन मागे ताणल्या आणि प्रत्येकीला सारखाच ताण देऊन मापायला सुरुवात केली. आधी डावी-उजवी एकमेकींशी, मग कंपनीच्या तक्त्याशी. दोघांचं काम आहे, एकट्याने केलं तर ताण कमी-जास्त होतो आणि मापाला अर्थ राहत नाही.

या कॅनपीला स्पेक्ट्राच्या लाइन आहेत, ज्याला सगळे मायक्रोलाइन म्हणतात. पातळ, हलकी, ताकदवान, पण उष्णतेने आखडते. कॅनपी उघडताना स्लायडर (लाइन एकत्र धरणारा कापडाचा चौकोन) लाइनवरून सरसर खाली येतो, ग्रोमेट घासतात, तेवढी उष्णता पुरते. बाहेरच्या लाइन जास्त घासतात म्हणून त्या जास्त आखडतात, आणि ब्रेक लाइन (शेपटीला बांधलेल्या, वळायला आणि वेग कमी करायला ओढायच्या) त्यात सगळ्यात पुढे. म्हणजे काही शे जंपनंतर कॅनपी हळूहळू आपोआप थोडा ब्रेक ओढूनच उडायला लागते, कोणी टॉगलला (ब्रेकच्या मुठीला) हातही लावलेला नसताना. व्हेक्ट्रान किंवा एचएमए अशा आखडत नाहीत, पण झिजतात आणि तुटायच्या आधी फारशी कल्पना देत नाहीत, म्हणजे त्यांचं दुखणं वेगळं.

सहा नंबरच्या दोन्ही ब्रेक लाइन तक्त्यापेक्षा लहान निघाल्या, ते अपेक्षित होतं. पण डावी उजवीपेक्षाही लहान. खाली टॉगलपाशी बघितलं तर कारण तिथेच होतं: कधीतरी डाव्या टॉगलची गाठ सोडून पुन्हा बांधलेली, खुणेच्या वर. काकांनी मान हलवली, काही बोलले नाहीत. दोन्ही ब्रेक लाइनचा खालचा भाग ते नवा करणार आहेत, आणि पूर्ण लाइनसेट पुढच्या वर्षासाठी मागवायचा ठरलं.

यातून कार्डाची भाषा बदलली. "ओढते" एवढं लिहून काही कळत नाही. कारण लेग स्ट्रॅप एक घट्ट एक सैल असला तरी हार्नेस (अंगावरच्या पट्ट्यांचा सांगाडा) तिरका बसतो आणि कॅनपी वळते. एक ब्रेक नीट सुटलेला नसला तरी वळते. खांदा झुकवून वर बघत बसलं तरी थोडी वळते. म्हणून तक्रारीच्या रकान्याखाली बारीक अक्षरात तीन प्रश्न: दोन्ही ब्रेक पूर्ण सोडले होते का, पायाचे पट्टे सारखे होते का, हात वर ठेवून सोडून दिल्यावरही वळते का. शिवाय एक सूचना, वर उंची असताना टॉगल पूर्ण वर सोडून मागे शेपटीकडे बघा, ब्रेक लाइनला मागे बाक दिसला पाहिजे. ताठ दिसली आणि शेपटी खाली वाकलेली दिसली तर ते लिहा. लिहिणाऱ्याला दोन मिनिटं लागतात, काकांचे दोन तास वाचतात.

२५ जानेवारी

एएडीचा दिवस. आमच्याकडे सगळ्या रिगमध्ये सायप्रेस आहे. १९९१ साली हेल्मुट क्लोथने बाजारात आणलं ते यंत्र. त्याआधीची यंत्रं लोकांना नकोच वाटायची कारण नको तेव्हा रिझर्व्ह उघडायची. हे पिन ओढत नाही, रिझर्व्हचा लूपच आतून कापतं.

बघायच्या गोष्टी दोन निघाल्या. पहिली, कुठल्या रिगमध्ये कुठलं मॉडेल. विद्यार्थ्यांच्या युनिटचं बटण पिवळं, एक्स्पर्टचं लाल. एक्स्पर्ट सेकंदाला ३५ मीटरच्या वर वेग असला तरच साधारण ७५० फुटांवर चालतं, विद्यार्थ्यांचं मात्र १३ मीटरलाच. तेवढा वेग तर कॅनपीखाली जोरात गिरक्या घेतल्या तरी येऊ शकतो. म्हणजे पिवळ्या बटणाची रिग परवाना मिळालेल्या, गिरक्या मारणाऱ्या पोराच्या हातात जाता कामा नये. आमच्याकडे एक तशी रॅकवर भलत्या बाजूला लटकत होती, आता विद्यार्थ्यांच्या रॅकवर गेली. तसंच, हवा बिघडली आणि जंपर पोटात घेऊनच विमान खाली आलं तर पायलटला सावकाश उतरायला सांगायचं, विद्यार्थ्यांची युनिट आत असतात म्हणून. हे आमच्या पायलटला पाठ आहे, नव्या पायलटला सांगायला लागेल.

दुसरी गोष्ट, चालू कुठे केलं. युनिट चालू करताना जिथे आहे तिथली जमीन शून्य धरतं. रिग कोणी दुसऱ्या डीझेडवर घेऊन गेला आणि घरूनच चालू करून निघाला, वाटेत चढ-उतार असला, तर शून्य भलत्याच उंचीवर बसलेलं असतं. नियम साधा, डीझेडच्या जमिनीवर बंद करून पुन्हा चालू करायचं. चौदा तासांनी स्वतःच बंद होतं, तेही लक्षात ठेवायचं. कार्डावर रोजच्या ओळीत एक चौकोन वाढवला: "एएडी इथे चालू केलं".

तारखा तक्त्यात टाकल्या. एक युनिट या वर्षी देखभालीला पाठवायचंय.

३ फेब्रुवारी

थ्री रिंग आणि कटअवे केबल, म्हणजे बिघडलेला मेन सोडून द्यायची यंत्रणा. हे काम काकांनी स्वतः बसून दाखवलं, मी फक्त लिहून घेतलं.

रायझर सुटे करायचे, रिंगपाशी कापड दोन्ही बाजूंना वाकवून घ्यायचं कारण महिनोन्महिने एकाच आकारात राहून ते ताठ होतं, मग पिवळ्या केबल बाहेर ओढून पुसायच्या. पुसल्यावर फडक्यावर काळं येतं ते बघून कोणालाही पटेल की हे का करायचं. केबल मळली की हँडल जड जातं, आणि कटअवे करायची वेळ येते तेव्हा माणूस आधीच गरगर फिरत असतो, हातात ताकद कमी असते. काका महिन्यातून एकदा म्हणतात, कंपन्याही साधारण तेच सांगतात.

काकांनी मधेच जुन्या दिवसांचं सांगितलं. आधी खांद्यावर दोन केपवेल रिलीज असायचे, दोन्ही खांदे वेगवेगळे सोडायचे, एक सुटला दुसरा राहिला तर बोलायलाच नको. १९७० च्या दशकात बिल बूथने थ्री रिंग आणलं, एका हँडलने दोन्ही बाजू. प्रत्येक रिंग पुढच्या रिंगवरचा भार कमी करत जाते, शेवटी दोरीच्या छोट्या लूपवर इतका कमी उरतो की एक केबल ओढून सगळं सुटतं. मी इतकी वर्षं त्या रिंग बघतोय, पण हातात घेऊन एकेक सोडून बघितल्यावर खरं समजलं.

रिझर्व्हला आम्ही कोणी हात लावत नाही. ते काकांचं. लाल दोरा, शिसाचं सील, त्यावर त्यांची खूण. तक्त्यात फक्त तारीख. अमेरिकेत आधी १२० दिवसांनी पुन्हा पॅक करायला लागायचं, २००८ च्या अखेरीपासून १८० झालं. आम्ही १८० वर लाल आणि १५० वर पिवळा रंग लावलाय, कारण सगळी एकदम संपली तर काकांकडे एकाच आठवड्यात ढीग होतो आणि भर सीझनला रॅक रिकामा.

८ फेब्रुवारी

वजनकाटा आणला. हँगरच्या दारात ठेवलाय आणि त्यावरून आत्तापासूनच कुजबुज आहे.

विंग लोडिंगचा हिशोब कोणालाच नवा नाही. रिग घालून, हेल्मेटसकट, जे एक्झिट वजन येतं ते पाउंडात, त्याला कॅनपीच्या चौरस फुटांनी भागायचं. १८० पाउंडचा माणूस २३० च्या कॅनपीवर ०.७८, २२० पाउंडचा १९० वर १.१६. पहिला तरंगत बसतो, वारा जोरात असेल तर पुढे सरकायलाच तयार नाही, कधी मागेच जायला लागतो. दुसरा सुसाट येतो. त्यामुळे विद्यार्थ्यांना वाऱ्याची मर्यादा असते, यूएसपीएची (अमेरिकेच्या पॅराशूट संघटनेची) ताशी १४ मैल आहे. पण मर्यादेच्या आतही बारक्या मुलीला सगळ्यात मोठी रिग दिली तर तिचे हाल होतात, आणि आपण "मोठी म्हणजे सुरक्षित" म्हणून मोकळे.

अडचण एवढीच की वजन विचारलं की लोक जे सांगतात ते कॉलेजातलं असतं. शिवाय रिगचे दहाएक किलो धरतच नाहीत. म्हणून काटा. पूर्ण सामान अंगावर चढवून उभं राहायचं, आकडा मॅनिफेस्टवाली लिहून घेते, मोठ्याने वाचत नाही. तिने ही अट घातली आणि योग्यच घातली.

१७ फेब्रुवारी

हवा उघडली. पहिला शनिवार, लोक आले, मग दुपारी वारा वाढला आणि सगळे वाऱ्याच्या पट्टीकडे बघत बसले. उडणं कमी, बसणं जास्त. फार वेळ बसलं की रिग मॅटवर उन्हात उघडी पडून राहतात. नायलॉनला ऊन खातं, हे सांगून सांगून तोंड दुखलं, शेवटी जुनी चादर आणून टाकली सगळ्यांवर.

बसल्या बसल्या कार्डांची पद्धत बसवली. मॅनिफेस्टच्या खिडकीमागे खणांची पाटी आहे, प्रत्येक रिगचं कार्ड तिच्या खणात. रिग न्यायची तर कार्डावर नाव लिहायचं, एएडीचा चौकोन भरायचा. रिग परत आली की पुढच्या लोडचं तिकीट तेव्हाच मिळतं जेव्हा कार्डावर आधीच्या जंपची ओळ पूर्ण होते. काही झालं नसेल तर "ठीक" एवढा एक शब्द. ही शेवटची अट मॅनिफेस्टवालीने सुचवली. मी हात जोडून विनंतीचा बोर्ड लावणार होतो, तो लोकांनी वाचलाच नसता.

परवाना असलेल्यांसाठी कार्डाच्या खिडकीत अजून एक प्रश्न: शेवटचा जंप कधी. यूएसपीएमध्ये ए लायसन्सला ६० दिवस, बीला ९०, सी आणि डीला सहा महिने, त्यापुढे गेलं की आधी एक उजळणीचा जंप. आम्ही तेच आकडे घेतले. हिवाळी सुट्टीनंतर आलेल्यांपैकी निम्मे त्यात बसले, थोडी कुरकुर झाली, मग इन्स्ट्रक्टरने एका लोडमध्ये सगळ्यांची उजळणी लावून टाकली.

२४ फेब्रुवारी

कार्डं वाचली. ज्या ओळी "ठीक" आहेत त्या ठीक. बाकीच्यात एक जाम उपयोगी निघाली. दोन नंबरवर वेगवेगळ्या दिवशी दोघांनी लिहिलंय, "ओढल्यावर उघडायला वेळ लागला." दोघे एकमेकांना ओळखत नाहीत. जुन्या पद्धतीत ही दोन वाक्यं कधी एका ठिकाणी आलीच नसती.

काकांनी पायलट चूट काढून टेबलावर पसरली. वापरून झाल्यावर कोसळणारी, आत किल लाइन (तिला कोसळवणारी दोरी) असलेली. किल लाइनही स्पेक्ट्राचीच, तीही आखडते. आखडली की पायलट चूट कॉक करूनसुद्धा (पुन्हा फुगायला तयार करूनसुद्धा) मधोमध खाली ओढलेली राहते, पूर्ण फुगत नाही, ओढ कमी पडते. ब्रायडलवरच्या (पायलट चूट बॅगेला जोडणाऱ्या पट्टीवरच्या) छोट्या खिडकीत रंग दिसत होता, म्हणजे पॅकरने कॉक केलेलीच होती, दोष त्याचा नव्हता. पॅकरला हे लगेच सांगितलं, कारण दोन दिवस तो गप्प गप्प होता.

दोन नंबरला लाल टॅग.

लाल टॅगचं सांगायचं राहिलं. प्लॅस्टिकची पट्टी, दोन्ही लेग स्ट्रॅपच्या बकलमधून ओवून घट्ट केलेली, तिला लाल कार्ड. कापल्याशिवाय रिग घालताच येत नाही. आधी हँडलला टॅग लटकवायची कल्पना होती, काकांनी ती ताबडतोब उडवून लावली, हँडलला काहीही लटकवायचं नाही म्हणजे नाही. कात्री फक्त काकांकडे.

२ मार्च

व्हायचंच होतं. सूर्यास्ताच्या आधीचा शेवटचा लोड, एक जागा शिल्लक, एक चांगला अनुभवी जंपर, आणि रॅकवर त्याच्या मापाची एकच रिग, लाल टॅगवाली दोन नंबर. पायलट चूटचं पार्सल अजून आलेलं नाही.

"फक्त उशिरा उघडतेय ना, मी नेहमीपेक्षा पाचशे फूट वर ओढेन." त्याच्या बाजूने बघितलं तर अगदीच वेडेपणा नाही, तो त्या कॅनपीवर खूप उडालाय. पण मग पुढच्या आठवड्यात कोणीतरी म्हणेल सहा नंबर फक्त ओढतेच आहे ना. आणि ज्याला हे जमतं असं वाटतं तो दर वेळी तितकाच अनुभवी असेल असं नाही. मी काही बोलायच्या आत मॅनिफेस्टवालीने जागा पुढच्या नावाला देऊन टाकली. तो रुसून बसला, पॅकिंग मॅटवर आडवा झाला, थोड्या वेळाने उठून इतरांच्या लाइन धरू लागला. पॅकरला हात मिळाला तेवढाच.

काका सकाळी आल्यावर त्यांना सांगितलं. ते म्हणाले त्याच्या मापाची अजून एक रिग हवी, हे खरं दुखणं आहे. बरोबर आहे, मोठ्या रिग पडून असतात आणि मधल्या मापाला रांग असते, हे आता कार्डांवरून सरळ दिसतंय.

९ मार्च

पायलट चूट आली, लावली, काकांनी स्वतः टॅग कापला आणि कार्डावर सही केली. पहिला जंप त्या रुसलेल्या माणसालाच दिला. कार्डावर त्याने लिहिलं "झकास", ते चालणार नाही असं मॅनिफेस्टवाली म्हणाली, "ठीक" लिहा. त्याने खाली "ठीक" लिहिलं.

उरलेली कामं: कार्डाचा तक्रारीचा रकाना रुंद करून पुन्हा छापायचा, कारण लोक खरंच लिहितायत आणि जागा पुरत नाही. पेन दोरीने बांधायचं, दोन गेली. सहा नंबरचा लाइनसेट मागवलाय, तो येईपर्यंत दर महिन्याला ब्रेक लाइन मापायची. मधल्या मापाची वापरलेली कॅनपी बघायचीये, घेण्याआधी काकांच्या हुकवर लाइन मापून घेऊ अशी विकणाऱ्याला अट घातलीये, तो अजून हो म्हणालेला नाही. एक एएडी देखभालीला गेलंय, तोपर्यंत ती रिग टॅगवर. केशरी पुल-अप कॉर्डपैकी अर्ध्या आत्ताच गायब आहेत.